ओसरीची मुराळी

"ही ओळ काढ," मी म्हणाले.

मृण्मयीने लॅपटॉपवरून मान वर केली. आम्ही दोघी ओसरीच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. मी शेंगा निवडत होते आणि ती तिसाव्या वर्षाची स्मरणिका लिहीत होती. ती संस्था चालवणाऱ्या सर्वेशदादांची लेक, पुण्याला पत्रकारिता शिकते. बापाने सांगितलं, आजीच्या संस्थेचा इतिहास तूच लिही, आणि ही पोरगी आठ दिवसांपासून माझा पिच्छा सोडेना. अक्का हे कधी झालं, अक्का ते कुणी केलं. बोलून बोलून माझ्या तोंडाला फेस आला होता.

"कोणती ओळ?"

"आत्ता वाचलीस ती. शेवटची."

तिने परत मोठ्याने वाचली. "'संस्थेतून लग्न होऊन गेलेल्या एक्केचाळीस लेकींपैकी एकाही लेकीला परत यावे लागले नाही, हीच आमच्या कामाची खरी पावती.' ही? अक्का, ही तर आजीची ओळ आहे. दर वर्षीच्या अहवालात आहे. मी नुसता आकडा बघून घेतला."

"तेच म्हणते. काढ."

"का पण?"

का पण! म्हणे का पण. पोरगी गुणाची आहे, तिची काही चूक नाही, पण मला रागच आला. तीस वर्षांचं असं कुणी शेंगा निवडता निवडता विचारतं का? तरी मी सांगितलं. तिला सांगितलं तेच इथे सांगते.

ओसरी म्हणजे काय, हे आता लातुरात कुणाला सांगावं लागत नाही. रिक्षावाल्याला नुसतं 'ओसरी' म्हटलं की तो दारात आणून सोडतो. पण सुरुवातीला ती खरोखरची ओसरी होती. मृण्मयीची आजी, उज्वलाताई, शाळेत शिकवायच्या आणि भाड्याच्या घरात राहायच्या. त्या घराला पुढे एक ओसरी होती, चार बायका बसतील एवढी. त्या ओसरीत झोपलेली पहिली बाई मी.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. आमचं गाव तिथून दोन कोसांवर. घर पडलं, सासू गेली, आम्ही दोघं वाचलो. मग पत्र्याच्या शेडमध्ये राहायला गेलो. नवरा आधीही मारायचा, पण भिंती जाड होत्या, ऐकू जात नव्हतं. पत्र्याला काय, कोपर लागलं तरी शेजारच्या शेडला कळायचं. उज्वलाताई शनिवार-रविवार तिथे मुलांना शिकवायला यायच्या. त्यांनी ऐकलं. एवढंच म्हणाल्या, "इंदू, माझ्याकडे ओसरी आहे. लागली तर ये." मी पुढच्याच रविवारी त्यांच्याबरोबर बसमध्ये चढले. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

हे मी मुद्दाम सांगते. मी निघून आलेली बाई आहे. हे ध्यानात ठेवा.

मग माझ्या मागून एक बाई दोन लेकरं घेऊन आली. मग कुणी नुसतीच लेकरं आणून सोडली. ओसरी भरली, आतली खोली भरली, ताईंचे यजमान बिचारे अंगणात खाट टाकून झोपायला लागले. शेवटी ताईंनी लोकांना भेटून जागा मिळवली, ही इमारत उभी राहिली, पण नाव ओसरीच राहिलं. मी स्वयंपाक करायचे, लेकरांच्या डोक्यातल्या उवा काढायचे, तापाचं लेकरू दवाखान्यात न्यायचे. ताईंनी मला वाचायला शिकवलं. पोरी मला अक्का म्हणायच्या.

पोरी मोठ्या झाल्या आणि पंचाईत सुरू झाली ती लग्नांची. आश्रमातली पोर म्हटलं की लोक तोंड वाकडं करायचे. एका चांगल्या घरातली बाई ताईंना तोंडावर म्हणाली, "बाई, तुमची पोर दिसायला चांगली हाय, पन टिकंल का? मागंपुढं कुनी न्हाई. रागात आली तर चालली वापस ओसरीला." ताई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "इंदू, आपल्या पहिल्या चार मुली नीट नांदल्या पाहिजेत. मग बाकीच्यांची काळजी नाही."

आणि ताईंनी आणखी एक ठरवलं. आपल्याकडे लेकीला पंचमीला माहेरी आणायचं असतं. माहेरचा माणूस मुराळी म्हणून जातो, सासरच्यांना रीतसर विचारतो, लेकीला घेऊन येतो आणि चार दिवसांनी परत नेऊन सोडतो. आपल्या पोरींना कोण मुराळी? ना बाप, ना भाऊ. तर मी. बाई माणूस मुराळी म्हणून आलेली बघून गावोगावी लोक हसायचे. हसेनात का! श्रावण लागला की मी पिशवीत साड्या-चोळ्या भरायचे आणि निघायचे. अहमदपूर, मुखेड, देगलूर, नायगाव. एक पोर तर पार माहूरच्या डोंगरात दिली होती. पंचमीला ओसरी नुसती भरून जायची. झोके, मेंदी, बांगडीवाला, पुरणाची दिंडं, पोरींचा असा कालवा की शेजारपाजारचे वैतागून जात. तेवढे चार दिवस कुणी म्हणालं असतं की या पोरींना माहेर नाही, तर मी त्याच्या तोंडात मारली असती.

हे सगळं मृण्मयीने लिहून घेतलं होतं. तिला फार आवडलं होतं ते. पण एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. पाठवणीच्या वेळी पोरगी माझ्या गळ्यात पडायची ना, तेव्हा मी तिच्या कानात एक सांगायचे. एक्केचाळीस जणींच्या कानात सांगितलं. ताईंनी मला सांगायला लावलं नव्हतं. ते माझं मीच.

"तू वापस आलीस तर तुज्या मागच्या पोरींची लग्नं व्हायची न्हाईत. तेवढं ध्यानात ठेव."

बस. शिव्या नाहीत, धाक नाही. ह्या पोरी एका ताटात जेवलेल्या, एका गोधडीत झोपलेल्या. स्वतःसाठी कुणी ऐकलं नसतं, मागच्या पोरींसाठी सगळ्यांनी ऐकलं.

रूपाली चार वर्षांची असताना आली होती. बोलायला लागली तेव्हापासून तिची बडबड थांबली म्हणून नाही. मी भाकरी थापायला बसले की समोर येऊन बसायची आणि शाळेत काय झालं ते बाईंच्या आवाजात करून दाखवायची. हसून हसून माझी भाकरी करपायची. तिला देगलूरच्या पलीकडे दिली, तेलंगणाच्या सीमेला लागून गाव आहे. घर बरं होतं. सासू पार्वतम्मा अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोलायची. पहिली तीन वर्षं पंचमीला आली तेव्हा सासूचीच नक्कल करून सगळ्यांना हसवायची.

चौथ्या वर्षी आली ती गप्प. हात बाहीच्या आत ओढून बसायची. झोक्यावर बसली नाही. मला दिसलं नाही असं मी म्हणणार नाही. मला सगळं दिसलं. पत्र्याच्या शेडमध्ये राहिलेली बाई मी, मला दिसणार नाही?

पाचव्या दिवशी सकाळी मी परत सोडायला निघायची तयारी करत होते. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"अक्का, मला ठिवून घे."

मी पीठ मळत होते. वर बघितलं नाही.

"अक्का, मी सगळा स्वैपाक करीन. लेकरं सांबाळीन. तुला काय तरास देणार न्हाई. ठिवून घे मला."

"मारतोय का?"

तिने बाही आणखी खाली ओढली.

"रूपाली," मी म्हणाले, "गंगा अन् शेवंता, दोघींची बोलणी चालल्यात. दोन्ही घरं देगलूरकडलीच हायती. तू आज हितं ऱ्हायलीस तर उद्या तिथं कळंल. त्यांच्याकडं बघ की जरा."

अंगणात गंगा आणि शेवंता दोघी एकमेकींची वेणी घालत होत्या. रूपालीने त्यांच्याकडे बघितलं. चांगला वेळ लावून बघितलं. मग आत गेली आणि स्वतःची पिशवी स्वतः भरून आली. वाद नाही, रडणं नाही. मी मनात म्हटलं, शहाणी आहे पोर.

मी तिला घेऊन गेले. उदगीरला गाडी बदलली तेव्हा तिने पेरू घेतले, मला एक दिला. घरी पोचवलं. पार्वतम्मा म्हणाली, "बसा, चाय घ्या." मी घेतला. दोन बिस्किटं पण खाल्ली. रूपाली आत गेली होती, निघताना बाहेर आली नाही, म्हणून मी दारातूनच हाक मारली, "येते गं, दिवाळीला येते." आतून "हाव" ऐकू आलं.

दिवाळीच्या आधी फोन आला. विहिरीवर पाय घसरला, असं सांगितलं. ताई आणि मी गेलो तोवर सगळं उरकलं होतं. पोलिसांनी लिहून घेतलं, पाय घसरला. आम्ही काय केलं? रडलो आणि आलो. गंगा आणि शेवंताची लग्नं वैशाखात झाली, त्याच भागात झाली, चांगली झाली.

त्या वर्षीचा अहवाल लिहायला ताई बसल्या तेव्हा मी चहा घेऊन गेले. पेन हातात धरून नुसत्या बसल्या होत्या. कप ठेवला तरी त्यांना कळलं नाही. मग म्हणाल्या, "इंदू, ती शेवटची ओळ तशी खोटी नाही ना गं?"

मी म्हणाले, "न्हाई ताई. ती कुटं वापस आली?"

ताईंनी ओळ लिहिली. त्यानंतर त्या ओसरीतल्या एकाही लग्नाला मांडवात आल्या नाहीत. पाठ दुखते म्हणायच्या. आम्ही दोघी रूपालीचं नाव पुन्हा काढलं नाही, त्या गेल्या तोवर काढलं नाही.

माझं बोलून झालं तेव्हा मृण्मयी रडत होती. मला तिचं ते रडणं सोसवेना. मी म्हणाले, "रडू नगंस बाई. ओळ काढ, एवढंच कर."

"काढली," ती म्हणाली, आणि माझ्यासमोर काढली. "अक्का, तिच्याबद्दल लिहू का?"

"नको. तिला इच्यारायला ती न्हाई. तू फकस्त खोटं लिहू नकोस."

कार्यक्रम रविवारी होता. आदल्या दिवशी दुपारी छापखान्यातून स्मरणिका आल्या, तीनशे प्रती, गुळगुळीत कागद. मी आधी शेवटचं पान उघडलं. ओळ नव्हती. जिवाला बरं वाटलं. मग पुस्तक मिटलं, तर मागच्या कव्हरवर ताईंचा मोठा फोटो आणि खाली सोनेरी अक्षरांत तीच ओळ. एकाही लेकीला परत यावे लागले नाही.

मी पुस्तक घेऊन तडक ऑफिसात गेले. सर्वेशदादा फोनवर बोलत होते. मी पुस्तक त्यांच्यासमोर टेबलावर आपटलं.

"दादा, हे काय हाय?"

त्यांनी फोन ठेवला. वाईट माणूस नाही तो. माझ्या हातचं खाऊन वाढलेला आहे. "अक्का, मृण्मयीने सांगितलं मला. आतलं काढायला मी हरकत घेतली नाही. पण आईच्या फोटोखाली आईचं काहीतरी हवं ना? तिच्या हातचं हेच एक वाक्य लोकांना पाठ आहे. तिने जन्म घातला यात. ते खोटं होतं असं मी तिसाव्या वर्षी कसं छापू?"

"खोटं होतं असं छापू नका. काहीच छापू नका."

"आता छापून झालंय, अक्का."

तेही खरंच. छापून झालं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्यांच्याशी भांडता येईना. आई त्यांची होती. पोरी माझ्या होत्या.

रविवारी सकाळी पाहुणे यायच्या आधी मी गठ्ठे स्वयंपाकघरात आणले आणि दार लोटून घेतलं. मुलींच्या वसतिगृहाची मान्यता दोन वर्षांपूर्वीच संपली, आता ओसरीत नर्सिंगचे वर्ग चालतात, त्यामुळे स्वयंपाकघरात फिरकायला कुणी नव्हतंच. काळं पेन घेतलं आणि एकेक प्रत पालथी करून ती ओळ खोडायला लागले. गुळगुळीत कागदावर शाई धरत नव्हती. दोनदा, तीनदा गिरवावं लागायचं. ताईंच्या फोटोला डाग लागू नये म्हणून मी खाली पट्टी धरत होते.

साठ-सत्तर झाल्या असतील, तेवढ्यात दार ढकलून आरती आत आली. नायगावला दिलेली आरती, सगळ्यांत पहिल्या चौघींपैकी एक. थोरला पोरगा नांदेडला आयटीआय करतो, धाकटा बारावीला. केस पांढरे झालेत तिचे. नेहमीसारखी पाया पडली, पाणी प्याली आणि माझ्यासमोर बसली.

"अगं माय, पावन्यांना वाटायची पुस्तकं कामून खराब करायलीस?"

"खराब न्हाई. खोडायले."

तिने एक प्रत उचलून न खोडलेली ओळ वाचली. बोट ठेवून, सावकाश. "मंग हे तर खरंच हाय की. कोन आली वापस? आमी कुनीच न्हाई आलो."

मी पेन खाली ठेवलं. म्हटलं, आता सांगायचंच. "आरती, तुज्या लग्नात मी तुज्या कानात काय सांगितलं व्हतं, आठवतंय?"

"आठवतंय. रोज आठवतंय."

"ते मी चुकीचं सांगितलं. कुनाचं लग्न मोडलं असतं तर मोडलं असतं. ज्या पोरीला यायचं व्हतं तिनं यायला पायजे व्हतं. मी दार लावून घेतलं तुमच्या तोंडावर. मी स्वता कुटनं आले व्हते ते इसरले मी."

आरतीने हातातली प्रत मांडीवर ठेवली. बाहेर माईकवाला आवाज तपासत होता, हॅलो, हॅलो.

"मंजी येता येत व्हतं?" ती म्हणाली.

"हाव."

"दोन हजार सातला बी?"

दोन हजार सातला काय झालं होतं, मला माहीत नव्हतं. त्या वर्षीही मी पंचमीला तिच्याकडे गेले होते. तिला आणलं होतं, जेवू घातलं होतं, बांगड्या भरल्या होत्या, नेऊन सोडलं होतं.

"दोन हजार सातला बी," मी म्हणाले.

"मी निगाले व्हते." ती पुस्तकाच्या कडेवरून अंगठा फिरवत होती. "धाकटा पोटात व्हता. थोरल्याला काखेत घेऊन नांदेडच्या स्टँडवर येऊन बसले. लातूरची गाडी लागली, गेली. दुसरी लागली, ती बी गेली. मंग आपल्या ओसरीतल्या साखराचं आठवलं. तिचं लगीन नुकतंच ठरलं व्हतं ना. मंग गेले वापस. घरी म्हनलं, दवाखान्यात गर्दी व्हती." मग म्हणाली, "त्या रात्री लई मारलं."

मी तिचा हात धरला. तिने धरू दिला, पण बोटं ढिलीच ठेवली. मला वाटलं होतं रूपाली एकटी होती. दहा वर्षं मी एकटीचंच ओझं वाहत होते. आता बाहेर मांडवात ज्या पोरी नव्या साड्या नेसून जमत होत्या, त्यांच्यातल्या किती जणी कुठल्या स्टँडवरून परत फिरल्या, हे कुणाला विचारू? आणि विचारून तरी काय करू?

कार्यक्रम झाला. पाहुणे आले, भाषणं झाली, ओसरीने किती संसार उभे केले ते सांगितलं गेलं. माझा सत्कार केला, शाल-नारळ दिलं. मला दोन शब्द बोलायला सांगितले, मी नुसते हात जोडले. मृण्मयीने न खोडलेली पुस्तकं वाटलीच नाहीत. बापाने विचारलं तेव्हा म्हणाली, कमी पडली. सर्वेशदादांच्या हातात खोडलेली प्रत आली होती. ते ती उलटी धरून बसले होते, कव्हर मांडीकडे करून.

दुपारी मी आरतीला स्टँडवर सोडायला गेले. एरवी ती एकटी जाते, त्या दिवशी मीच हट्टाने गेले. नांदेडची गाडी लागली होती. ती खिडकीशी बसली, मी खाली उभी.

"आरती, अजून मारतो का?"

"आता काय मारतंय! अर्धांग झालं तवापासून पडून हाय. मीच खाऊ घालते. मीच धुते."

कंडक्टर दार लावायला आला. मग मी खिडकीची दांडी धरली आणि घाईघाईने म्हणाले, "या पंचमीला मी येते बग. तुला घिऊन येते. या बारीला माघारी सोडायची न्हाई. माज्या खोलीत ऱ्हा. एकीची खाट हाय, दोघींना पुरंल. ऐकायलीस ना? मी येते."

ती माझ्याकडे बघून हसली. बासष्ट वर्षांची मी, संस्था म्हणते मार्चपर्यंत खोली रिकामी करा, आणि पंचमी येते श्रावणात. तिला हे सगळं माहीत होतं. गाडी हलली. लहान लेकराचं मन मोडू नये म्हणून म्हणावं, तसं ती म्हणाली, "बरं, अक्का. ये."